भावनिक बुद्धिमत्ता आणि आयटीतला ताण : दोन वेगळ्या वाटा एकत्र कशा आल्या

आयटी कंपन्यांमध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ आणि ‘ताणव्यवस्थापन’ हे शब्द आता एका दमात घेतले जातात. अभ्यासाच्या जगात मात्र हे दोन विषय बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी चालले होते.

ताणाची वाट जुनी. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात उंदरांवरच्या प्रयोगांचं छोटंसं टिपण छापलं, तिथून ती सुरू झाली असं साधारण मानतात. कामाच्या ठिकाणच्या ताणाबद्दल नेमकं काही हाती लागलं ते १९७९ मध्ये. रॉबर्ट कॅरासेक यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांची माहिती तपासून मांडलं, की नुसत्या जास्त कामानं माणूस खचत नाही; काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, ही जोडी घातक. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रिलीजची तारीख क्लायंटला आधीच कबूल केलेली असते, रिक्वायरमेंट अर्ध्यात बदलते आणि पहाटे तीनला सर्व्हर पडला की फोन वाजतो तो ऑन-कॉल पाळी असलेल्याचा. तारीख ठरली त्या मीटिंगला त्याला बोलावलेलंही नसतं.

बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पार थकून जाण्याचा, अभ्यास मुळात या मंडळींसाठी नव्हताच. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो शब्द मोफत दवाखान्यांतल्या कार्यकर्त्यांबद्दल वापरला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांची १९८१ ची प्रश्नावलीही माणसांची सेवा करणाऱ्या पेशांसाठी होती. कुठल्याही नोकरीला लावता येईल अशी आवृत्ती १९९६ मध्ये आली, तेव्हा कुठे दिवसभर स्क्रीनसमोर बसणारेही तिच्या कक्षेत आले.

दुसरी वाट बुद्धिमापनाची. एडवर्ड थॉर्नडाइक १९२० मध्येच ‘सामाजिक बुद्धिमत्ते’बद्दल लिहीत होते. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय मांडणी केली आणि पुढे तिच्या चार क्षमता सांगितल्या: भावना ओळखणं, विचारात वापरणं, समजून घेणं, हाताळणं. मांडणी तशी संयमी होती. तिला घरोघर आणि एचआर विभागांत पोचवलं ते डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकानं, आणि तिथं दावेही फुगले. ही संकल्पनाच वैध नाही, असं एडविन लॉक यांनी २००५ मध्ये स्पष्ट लिहिलं. माझ्या मते लॉक जरा जास्तच कडक होते, पण हा झटका गरजेचा होता.

दोन्ही वाटा तंत्रज्ञान कंपन्यांत ठळकपणे एकत्र आल्या त्या गुगलमध्ये. तिथले इंजिनिअर चेड-मेंग टॅन यांनी २००७ मध्ये सहकाऱ्यांसाठी अवधान (माइंडफुलनेस) आणि भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण सुरू केलं. २०१२ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. इतरांनाही हा मार्ग सोयीचा वाटला, यात नवल नाही. कार्यशाळा बजेटमध्ये बसते. डेडलाइन पुढे ढकलायची तर क्लायंटशी वाद घालावा लागतो. कॅरासेक यांनी कामाच्या रचनेकडे दाखवलेलं बोट असं हळूच कर्मचाऱ्याच्या स्वभावाकडे वळलं.

संशोधनातही गोची आहे. मेयर-सॅलोव्हे परंपरेची चाचणी चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून त्यांतल्या भावना ओळखायला लावते, म्हणजे उत्तर चुकू शकतं. पण ती लांब आणि विकत घ्यावी लागणारी. म्हणून अनेक अभ्यास ‘मला माझ्या भावना कळतात’ छापाच्या विधानांवर सहमती विचारतात आणि त्याच बैठकीत त्याच माणसाला ताणाबद्दलही विचारतात. भावनिक बुद्धिमत्ता जास्त तिथे ताण कमी, असं उत्तर येतं खरं. पण त्या दिवशी ज्याचं बरं चाललंय तो दोन्हीकडे बरंच लिहिणार. शिवाय नोकरी सोडून गेलेले त्या नमुन्यात नसतातच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केली नाही, नोकरीशी निगडित स्थिती म्हणून केली. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल २०२२ मध्ये आलेल्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत कर्मचाऱ्यांना ताण हाताळायला शिकवणं आहे, आणि त्याच्या जोडीनं कामाचा बोजा, वेळापत्रक अशा गोष्टींत बदल करणं आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणंही आहे.