एका बाजूला झुकणारी चूक

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी पाटावर एक राणीछाप रुपया मांडतात. व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या बटा कधीच पुसल्या गेल्यात, गालाचा उंचवटा बोटाला लागतो न लागतो. टाकसाळीतून निघाला तेव्हा त्याचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असणार. आज सराफाच्या काट्यावर तो त्याहून कमी भरतो. तो किती वर्षं हातोहात फिरला असेल, हे नुसत्या वजनावरून सांगता येईल?

एकट्या रुपयावरून मुळीच नाही. टाकसाळीत पडलेलं प्रत्येक नाणं काट्याला तंतोतंत उतरत नाही. एखादं केसभर जड, एखादं केसभर हलकं. पुढचं नशीबही निराळं. एक वाण्याच्या गल्ल्यातून रोज फिरतं, दुसरं आजीच्या ट्रंकेत चाळीस वर्षं पडून राहतं. पण एकाच साली पडलेले शंभर रुपये चलनातून उचलून तोलले, तर चित्र पालटतं. टाकसाळीची चूक दोन्ही बाजूंची असते. जड नाणी आणि हलकी नाणी एकमेकांची भरपाई करतात, आणि शंभर नाण्यांच्या सरासरीतली अनिश्चितता एका नाण्याच्या एक दशांशावर येते. झीज मात्र एकाच बाजूची. वापरून वापरून कुठलंही नाणं जड होत नाही. म्हणून सरासरी काढली की टाकसाळीतला डावा-उजवा फरक विरत जातो आणि झीज तेवढी उरते.

संख्याशास्त्रातली ही गोष्ट मला सगळ्यात लाडकी आहे. ती समजायला शाळेतली सरासरी पुरते, आणि ती कुठल्या कुठे पोचते! तिला प्राचीन इतिहासापर्यंत नेलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले, हार्वर्डमधून शिकून आलेले कोसंबी तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ साली तक्षशिलेच्या भीर टेकडीत चांदीच्या आहत नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. हजाराहून अधिक नाणी. ही नाणी म्हणजे चांदीचे कापलेले तुकडे. वजन साधारण ३२ गुंजा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. समोरच्या बाजूला पाच ठसे, सूर्य, चक्र, प्राणी असले काहीबाही, आणि मागे लहान लहान खुणा. राजाचं नाव नाही, साल नाही. याच साठ्यात अलेक्झांडरची दोन आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या फिलिपचं एक नाणं जवळपास कोऱ्या अवस्थेत मिळालं, त्यावरून साठा इ. स. पू. ३१७च्या सुमारास पुरला गेला असावा हे कळत होतं. पण आहत नाण्यांमध्ये आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं?

कोसंबींनी आधी चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे वय माहीत. वय वाढतं तशी सरासरी घटते हे दिसलंच, शिवाय दुसरी एक गोष्ट दिसली: वजनांचा पसाराही वाढत जातो. नवी नाणी सरासरीला बिलगून असतात, जुनी विखुरतात. हे व्हायलाच हवं. रोजची झीज म्हणजे नशिबाचा एकेक लहानसा फटका. फटके जितके अधिक, तितका नशीबवान आणि कमनशिबी नाण्यांमधला फरक मोठा. म्हणजे एकाच ढिगातून वयाच्या दोन खुणा मिळतात.

मग हाच नियम तक्षशिलेच्या नाण्यांना लावला. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, आणि तेही जवळजवळ सरळ रेषेत! कोसंबींनी अर्थ लावला तो असा: त्या काळचे सराफ ठरावीक मुदतीनं नाणी तपासत आणि प्रत्येक वेळी एक खूण उमटवत. कोणाचंच नाव नसलेल्या त्या तुकड्यांवर आपापला प्रवास नोंदलेला होता. तो वाचायला कुणीतरी काटा घेऊन बसायला हवं होतं.

इथे एक पथ्य पाळावं लागतं. जमिनीत पडलेली चांदी गंजते, तिच्यातलं तांबं निघून जातं, सापडल्यावर नाणी घासूनपुसून साफ केली जातात. ही घटही एकाच बाजूची, आणि सरासरीला ती झिजेपासून वेगळी काढता येत नाही. म्हणून तुलना एकाच साठ्यातल्या, एकाच मातीत राहिलेल्या नाण्यांची करायची. कोणते ठसे कोणत्या राजाचे, याबद्दलची कोसंबींची मतं सगळ्यांना पटली नाहीत. तोलण्याची रीत मात्र नाणेशास्त्रात राहिली.

१९४४ साली त्याच माणसानं आनुवंशिकीत हात घातला. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकडे बदलतात. दोन जनुकं जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. त्यावरून गुणसूत्राचा नकाशा काढतात. पण दोन जनुकांच्या मधे अदलाबदल दोनदा झाली, तर जनुकं पुन्हा एकत्र येतात आणि जणू काही घडलंच नाही असं दिसतं. म्हणजे मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमीच भरणार. पुन्हा एका बाजूची चूक! शिवाय एक अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही. हे जमेस धरून कोसंबींनी दुरुस्तीचं सूत्र दिलं. ताटातूट ३० टक्के दिसली, तर त्या सूत्रानं अंतर सुमारे ३४.७ एकक येतं. भात-गव्हाच्या गुणसूत्रांचे नकाशे काढणारे संशोधक आजही हे सूत्र वापरतात.

नाण्यांत ही चूक म्हणजे धागा होता, जनुकांत ती सूत्रानं भरून काढता आली. शेतात ती कुणाच्या तरी ताटातलं काढून घेते, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना मला जास्त कळकळ वाटते.

जिल्ह्यात पीक किती आलं, हे कळायला सगळी शेतं कापून मोजता येत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही शेतं निवडतात, त्यात दोरी लावून चौकोन आखतात आणि तेवढंच पीक कापून, मळून तोलतात. हाच पीक कापणी प्रयोग. १९४०च्या दशकात ही पद्धत बसवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे होते. बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांत छोटे तुकडे कापले जात, कारण तेवढ्याच खर्चात पुष्कळ तुकडे होतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की छोट्या तुकड्यांतून उत्पन्न फुगून येतं. कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढली जातात.

हिशेब करून पाहा. एक मीटर बाजूच्या चौकोनात चारही कडांना फक्त पाच सेंटिमीटर जास्त कापलं, तर क्षेत्र १.२१ चौरस मीटर होतं, म्हणजे २१ टक्के जास्त. दहा मीटरच्या चौकोनात तेवढीच चूक जेमतेम २ टक्के. छोटे चौकोन हजार करा की लाख करा, ते २१ टक्के हलणार नाहीत. आकडा अधिकाधिक ठाम होत जाईल आणि तितकाच चुकीचा राहील.

२०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत याच प्रयोगांच्या आकड्यांना मोठं वजन आलं. महसूल मंडळातलं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली, म्हणजे आधीच ठरवलेल्या किमान पातळीखाली, गेलं तर भरपाई. ते जरा जास्त नोंदलं गेलं, की सबंध मंडळाची भरपाई आटते. दुपारच्या उन्हात सोयाबीनच्या शेतात खुंट्या ठोकल्यात, दोरी ताणली आहे आणि विळा घेतलेला हात कडेच्या रोपाशी येऊन थांबला आहे. वाकून बघायचं आहे ते एवढंच, की त्या रोपाचं बूड दोरीच्या आत आहे की बाहेर.