विधवा आईच्या अनुदानात मूल कुठे आहे?

दिवसकार्य आटोपतं, पाहुणे परततात आणि बाईच्या तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात. प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला. विधवेला दरमहा मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी ही धावपळ; गावात या पैशाला ‘निराधारचा पगार’ म्हणतात.

हा पगार सुरू झाला १९८० साली. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिने विधवेकडे निराधार म्हणून पाहिलं. लेकरं वाढवणारी आई म्हणून नाही. केंद्राने २००९ मध्ये स्वतंत्र विधवा निवृत्तिवेतन आणलं, पण वयाची अट ठेवली किमान ४० वर्षं. ही अट मला आजही छळते. सत्ताविसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, पदरात दोन लहान मुलं, आणि सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच केंद्राचं दार तेरा वर्षं बंद. तिला आधार उरतो तो राज्याच्या योजनेचाच.

तिथे २०१९ मध्ये मूल पहिल्यांदा ठळकपणे हिशेबात आलं. अनुदान ६०० वरून १००० रुपये झालं. एक मूल असलेल्या विधवेला ११००, दोन मुलं असतील तर १२००. एका मुलामागे महिन्याला शंभर रुपये! २०२३ मध्ये सरसकट १५०० झाले. रक्कम वाढली हे चांगलंच, पण मुलांसाठीचा तेवढा फरकही गेला. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१ हजारांवरच राहिली. रोज दोनशे रुपये मजुरी धरली तरी १०५ दिवसांत ती भरते.

कोविडने हा प्रश्न घराघरात नेला. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने आणि राज्याने मोठ्या रकमा जाहीर केल्या. फक्त बाप गेलेली मुलं त्यात बसत नव्हती. एकल महिलांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने कोविडमध्ये नवरा गमावलेल्या बायकांपर्यंत सरकारी योजना पोचवायला ‘मिशन वात्सल्य’ आणलं, तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या.

तेव्हाच जुन्या बालसंगोपन योजनेकडे लोकांचं लक्ष गेलं. हिचा पाया वेगळा आहे: पैसा मुलाच्या नावाने मिळतो, त्यामुळे आई गेली आणि बाप एकटा सांभाळतोय, तरी अर्ज करता येतो. महिन्याचे ४२५ रुपये टप्प्याटप्प्याने २२५० झाले. ते मिळतात अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अनेकांच्या बाबतीत बारावीची परीक्षा होते न होते तोवर.