सान मार्कोसचा खंदक कोरडाच असायचा

फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला स्पेनने बांधलेला सान मार्कोसचा किल्ला आहे (१६७२ ते १६९५). त्याचा खंदक कायम पाण्याने भरलेला असे, शत्रू त्यात बुडावा म्हणून, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. स्पॅनिश काळात खंदक एरवी कोरडाच असायचा. गरज पडली तर समुद्राचं थोडं पाणी आत सोडता येई, इतकंच.

१७०२ मध्ये कॅरोलिना या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला, तेव्हा सुमारे दीड हजार माणसं या किल्ल्यात जवळपास ५० दिवस कोंडली गेली. त्यांची गुरं राहिली ती याच खंदकात. वेढ्यात अडकलेल्यांना पाण्याइतकाच जित्राबांचाही आधार होता, हे विसरू नये.

गैरसमज पसरायला कारणही आहे. विसाव्या शतकात खंदकात खरंच पाणी भरून ठेवलं होतं. पुढे बांधकामाची हानी होते म्हणून ते काढलं.

आणि किल्ला तगला तो कोकीना नावाच्या दगडामुळे. कोकीना म्हणजे शिंपल्यांचा घट्ट झालेला थर. जवळून पाहिलं तर नखाएवढे शिंपले दिसतात. तोफगोळा आदळला की भिंत फुटत नसे, गोळाच तिच्यात रुतून बसे.