हिल एंड (न्यू साउथ वेल्स)

हिल एंड हे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं, बॅथर्स्ट शहराच्या उत्तरेला डोंगरात वसलेलं छोटंसं गाव. आज वस्ती शंभरेक माणसांची. पण १८७२ च्या आसपास शेजारचं तांबारूरा धरून इथे आठ हजारांच्या घरात लोक होते आणि २८ पब होते असं सांगतात. आकडे सोन्यामागे लोकांची झुंबड उडाली त्या काळातले आहेत, अंदाजेच धरावेत.

हा सगळा मुलूख विराजुरी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा. विंड्राडाइन या त्यांच्या पुढाऱ्याच्या काळात गोऱ्या वसाहतवाल्यांशी जबर संघर्ष झाला, १८२४ मध्ये बॅथर्स्ट भागात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. त्यामुळे इथला इतिहास एकदम १८५१ च्या गोल्ड रशपासून, म्हणजे सोन्यासाठी लोक लोटले तिथपासून, सुरू करायची जी पद्धत आहे ती पटण्यासारखी नाही. सुरुवातीचे लोक तांबारूराच्या बाजूला ओढ्यातला गाळ धुवून सोनं काढायचे, त्यात चिनी खाणकामगार बरेच होते. गाळातलं सोनं कमी झालं तसं लक्ष डोंगरातल्या क्वार्ट्जच्या, म्हणजे गारगोटीच्या, सोनं असलेल्या शिरांकडे गेलं. हा दगड भलता कडक, म्हणून १८५५ च्या सुमाराला कलोनियल गोल्ड कंपनीने गावाजवळ मोठ्या भट्ट्या बांधल्या, दगड आधी भाजून ठिसूळ करायचा आणि मग कुटायचा अशी पद्धत. धंदा फार चालला नाही, पण भट्ट्यांचे अवशेष अजून आहेत आणि बघण्यासारखे आहेत.

गावाचं नाव झालं ते हॉकिन्स हिलवरच्या स्टार ऑफ होप खाणीमुळे. १९ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री तिथे सुरुंग लावल्यावर सोन्याने भरलेला एक अखंड दगड निघाला, उंची साधारण दीड मीटर, वजन सुमारे २८६ किलो, त्यात सोनं ९० किलोच्या वर असावं असा अंदाज. ‘होल्टरमन नगेट’ हे त्याचं रूढ नाव, आणि जगातलं सगळ्यात मोठं नगेट म्हणून ते बिनदिक्कत छापलं जातं, पण इथे जरा जपून बोलायला हवं. नगेट म्हणजे खडकातून सुटून माती-गाळात मिळणारा सोन्याचा गोळा, जसा १८६९ मध्ये व्हिक्टोरियातल्या मोलियागुलला जमिनीच्या अगदी वरच्या थरात मिळालेला ‘वेलकम स्ट्रेंजर’, त्यात शुद्ध सोनं ७१ किलोच्या आसपास होतं. हिल एंडचा तुकडा शिरेतून फोडून काढलेला, क्वार्ट्ज आणि सोनं एकमेकांत गुंतलेला, त्यामुळे जाणकार त्याला ‘स्पेसिमेन’, म्हणजे नमुना, म्हणतात आणि तेच बरोबर वाटतं. एकसंध शिरेतलं सोनं म्हणून त्याला पहिला नंबर द्यायला हरकत नाही. जन्माने जर्मन असलेला बर्नहार्ड होल्टरमन हा खाणीतला एक भागीदार, त्याने तो तुकडा किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन स्वतःसाठी मागितला असं सांगतात, कंपनीने दिला नाही आणि तो कुटून वितळवला गेला. होल्टरमन त्याच्यावर हात ठेवून उभा आहे तो प्रसिद्ध फोटो म्हणजे वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून केलेली करामत आहे, तो खाणीच्या तोंडाशी काढलेला नाही.

पण होल्टरमनचे गावावर खरे उपकार आहेत ते फोटोंमुळेच. ब्यूफॉय मर्लिन आणि त्याचा मदतनीस चार्ल्स बेलिस यांनी १८७२ मध्ये गावात घरोघरी, दुकानोदुकानी फोटो काढले, पुढे होल्टरमनने या कामाला पैसा पुरवला. तेव्हा काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढून धुवायला लागायचा, म्हणून सगळं सामान बरोबर घेऊन फिरायला लागे. फोटोत काय दिसतं तर झाडाच्या सालीची छपरं, कुडाच्या भिंती, दारात मालक, बायको, ओळीने उभी पोरं, आणि जो जरा हलला त्याचा चेहरा पुसट. मर्लिन १८७३ मध्ये वारला. या काचा पुढे कित्येक वर्षं कोणाला माहीत नव्हत्या, १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवूड भागात एका घराच्या मागच्या शेडमध्ये सुमारे ३५०० निगेटिव्ह सापडल्या, आता त्या राज्य ग्रंथालयात आहेत. एवढ्या बारकाईने टिपलेलं खाणगाव दुसरं क्वचितच असेल.

१८७४ पासून सोनं आटत गेलं आणि लोकही पांगले, पुढची सत्तर वर्षं मेंढपाळी आणि थोडीफार खाण.

१९४७ मध्ये चित्रकार रसेल ड्रायस्डेल आणि डोनाल्ड फ्रेंड इथे आले, फ्रेंड तर राहिलाच. ड्रायस्डेलचं ‘द क्रिकेटर्स’ हे १९४८ चं चित्र इथल्याच ओसाड भिंतींवरून सुचलेलं, दोघं खेळतायत आणि तिसरा बघतोय, मैदान म्हणजे नुसती लाल माती. १९६७ मध्ये गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं, देखभाल नॅशनल पार्क खात्याकडे आहे, पण माणसं राहतात, त्यामुळे त्याला भुताचं गाव म्हणणं चूक. त्या २८ पबपैकी १८७२ चं रॉयल हॉटेल आजही चालू आहे आणि जुन्या कॉटेजमध्ये चित्रकार काही आठवडे राहून काम करतात.