चिठ्ठीवरच्या दोन गोळ्या: एसिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम

चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास घेऊन माणूस पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, की चिठ्ठीवर बऱ्याचदा दोन नावं येतात. एक एसिटालोप्रॅम, दुसरी क्लोनाझेपाम. घरी पोचेपर्यंत दोन्हींचं मिळून एकच नाव झालेलं असतं, ‘झोपेच्या गोळ्या’. ‘सवय लागेल हं’ ही धास्तीही दोन्हींना सारखीच चिकटते. पुढे जे घडतं ते मला फार अस्वस्थ करतं. क्लोनाझेपामने पहिल्याच रात्री झोप लागते, धडधड थांबते. एसिटालोप्रॅमने आठवडाभरात मळमळण्यापलीकडे काही झालेलं दिसत नाही. मग जिचा गुण दिसत नाही ती सुटते आणि जिचा लगेच दिसतो ती वर्षानुवर्षं चालू राहते. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं उलटं व्हायला हवं असतं.

असं का, ते कळायला पेशींमधल्या फटीपाशी जावं लागतं. दोन चेतापेशींच्या मध्ये साधारण 20 नॅनोमीटरची जागा असते आणि निरोप बहुतेक वेळा रसायनाच्या रूपाने ती ओलांडतो. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर हे दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. द्रावणातून गेलेला तो निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. मेंदूत असे निरोपे अनेक आहेत. आपल्या दोन गोळ्यांचा संबंध त्यांतल्या दोन वेगवेगळ्या निरोप्यांशी येतो.

क्लोनाझेपामचा संबंध गाबाशी. गाबा हा मेंदूतला मुख्य आवर घालणारा निरोप्या. त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर तो जिथे चिकटतो ती जागा, पाच प्रथिनांच्या तुकड्यांनी बनलेला असतो आणि मधून एक बारीक वाट असते. गाबा चिकटला की वाट उघडते, क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. क्लोनाझेपाम नवा गाबा तयार करत नाही, गाबाची जागाही घेत नाही. त्याच रिसेप्टरवर दुसऱ्या ठिकाणी बसून ते ही वाट अधिक वेळा उघडायला लावतं. सगळी यंत्रणा आधीच तयार असते, म्हणून तासाभरात फरक जाणवतो. पण गाबा मेंदूभर काम करतो. त्यामुळे भीतीबरोबर स्मरणशक्ती, तोल, गाडी चालवतानाची तत्परता हे सगळंच थोडं मंदावतं. रात्री लघवीला उठलेलं वयस्कर माणूस पडतं, त्यामागे कधीकधी हीच गोळी असते.

क्लोनाझेपामच्या कुळातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, 1960 मध्ये बाजारात आलं. त्याआधीची झोपेची औषधं, बार्बिट्युरेट्स, जास्त मात्रेत गाबाविनाही ती वाट उघडत, म्हणून अतिडोसात श्वास थांबून माणसं मरत. नवं औषध गाबा असेल तेवढंच काम करतं, त्यामुळे ते पुष्कळ सुरक्षित वाटलं आणि एकटं घेतलं तर तसं आहेही. दारूबरोबर किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकांबरोबर मात्र नाही. तिथे श्वास खरोखर थांबू शकतो.

एसिटालोप्रॅमची गोष्ट अगदी वेगळी. मेंदूच्या देठातल्या मोजक्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि काम झालं की एक वाहक प्रथिन ते परत पेशीत ओढून घेतं. गोळी हा वाहक अडवते. नळाची धार तेवढीच, पण मोरीच्या तोंडाशी बोळा बसला की पाणी साचतं, तसं फटीतलं सेरोटोनिन वाढतं. वाहक तर काही तासांतच अडतो. मग गुण यायला दोन ते सहा आठवडे का लागतात? एक कारण असं की सेरोटोनिन वाढलेलं दिसताच त्या पेशींवरचेच काही रिसेप्टर ‘आता सोडणं कमी करा’ असा इशारा देतात. हे रिसेप्टर बोथट व्हायला काही आठवडे जातात. पुढच्या पेशींमधले बदलही असेच सावकाश होतात.

शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून सुरुवातीची मळमळ. ती बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या दिवसांत काहींची बेचैनी वाढते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे या काळात घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं आणि जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. इथे संकोच नको.

‘तुमच्यात सेरोटोनिन कमी आहे’ हे वाक्य मात्र सोडून द्यावं. नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं याला सातत्याने पुरावा मिळत नाही, असं 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. गोळी उपयोगी पडते, हे चाचण्यांमधून वेगळं सिद्ध झालेलं आहे.

आता सवयीचं. क्लोनाझेपाम रोज काही आठवडे घेतलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. तीच मात्रा अपुरी वाटू लागते आणि अचानक बंद केलं तर झोप उडते, हात कापतात, फिटही येऊ शकते. म्हणून चिंतेसाठी ते सहसा दोन ते चार आठवड्यांपुरतं, एसिटालोप्रॅमचा गुण येईपर्यंत, द्यायचं असतं. एसिटालोप्रॅमची तल्लफ येत नाही, ‘आणखी एक हवी’ असं होत नाही. ते एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके असा त्रास होतो. म्हणून तेही हळूहळूच कमी करायचं, पण याला व्यसन म्हणणं चूक आहे. कायदाही दोन्हींत फरक करतो. क्लोनाझेपाम अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यातल्या मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. एसिटालोप्रॅमला चिठ्ठी लागते, पण ते या यादीत नाही.

आपल्याकडे गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दोन्ही औषधं एकाच गोळीत विकली जातात, बहुधा 10 मिलिग्रॅम एसिटालोप्रॅम आणि अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम. सोयीची वाटते, पण तिच्यात एक वाढवून दुसरं कमी करता येत नाही. पाकिटाच्या मागे दोन नावं असतील आणि गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारावं: ‘ही दोन वेगळी करून देता का? आणि क्लोनाझेपाम किती दिवसांत, कसं कमी करायचं?’ तोवर आपल्या मनाने एकही डोस चुकवू नये.