डॉक्टर अजितकुमार देव (देवमाणूस)

डॉ. अजितकुमार देव हे झी मराठी वाहिनीवरील ‘देवमाणूस’ या मालिकेतील प्रमुख पात्र असून तोच तिचा खलनायकही आहे. किरण गायकवाड यांनी ही भूमिका केली. निर्मिती श्वेता शिंदे यांच्या वज्र प्रॉडक्शनची. मालिकेचा पहिला भाग 31 ऑगस्ट 2020 पासून ऑगस्ट 2021 पर्यंत रात्री साडेदहाच्या सुमारास दाखवला जाई. 2016 साली सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून कथेची कल्पना सुचली. मात्र त्या खटल्यातील व्यक्ती आणि हे पात्र एकच समजू नये.

खेड्यात एखाद्याला ‘देवमाणूस’ म्हणतात तेव्हा बोलणे संपलेले असते, त्यापुढे शंका काढायची सोय उरत नाही. या पात्राची सगळी भीती याच शब्दात आहे. गावाच्या लेखी अजित हा रात्री-अपरात्री धावून येणारा, गरिबाकडून पैसे न घेणारा डॉक्टर. प्रत्यक्षात तो देवीसिंग नावाचा बोगस डॉक्टर आहे. पैसा आणि दागिने असलेली एकटी किंवा घरात दुखावलेली बाई तो हेरतो, प्रेमाचे नाटक करतो, दोघांनी पळून जायचे ठरवतो आणि तिला संपवतो. इंजेक्शन हे त्याचे आवडते हत्यार. बाई दागिन्यांसह नाहीशी झाली की ‘पळून गेली’ असे गावच आपसांत ठरवून टाकते. खून लपवायला त्याला गावाची बदनामीची सवय पुरते, आणि हा मालिकेतला सर्वांत टोचणारा भाग आहे.

खुनी कोण हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत असते. उत्सुकता असते ती पुढची कोण आणि तो आज कसा निसटणार, याची. तो पाटलांच्या घरात घरच्यासारखा वावरतो: म्हणींशिवाय न बोलणारी सरू आजी, बाबू आणि मंगल, डिंपल, टोण्या. घराच्या विनोदी गलक्यात त्याचा थंडपणा जास्त अंगावर येतो. एसीपी दिव्या सिंग (नेहा खान) त्याच्या मागावर असते. खटला चालतो तेव्हा हा गृहस्थ कोर्टात स्वतःच स्वतःची बाजू मांडतो आणि सुटतो. कथा ताणली गेली ती साधारण इथून पुढे. दैनंदिन मालिकांना हा आजार जुनाच.

गायकवाड यांनी याआधी ‘लागिरं झालं जी’मध्ये भैय्यासाहेब हा खलनायक रंगवला होता, तो उघड दांडगाईचा. अजितकुमार मात्र खालच्या आवाजात बोलतो, अदबीने हसतो, आणि समोरच्याची पाठ वळली की ते हसू तेवढे पुसतो. मराठी मालिकांतली खलनायकी बराच काळ घरातल्या कारस्थानी सासू-जावांपुरती होती. इथे थेट गुन्हेगारच मालिकेच्या मध्यभागी आला, तोही नायकाच्या जागी.

2021 च्या डिसेंबरात दुसरा भाग सुरू झाला. त्यात देवीसिंग नटवर सिंग या नावाने परततो, आणि त्याच्यासमोर मार्तंड जामकर (मिलिंद शिंदे) हा पोलीस अधिकारी उभा राहतो. 2025 मध्ये आलेल्या ‘मधला अध्याय’ या तिसऱ्या भागात स्टेथोस्कोप जाऊन गळ्यात मोजपट्टी आली: तो गोपाळ नावाचा शिंपी आहे.