शेंगदाणाबंदी ते ॲड्रेनॅलिन: शाळांमधल्या नियमांची पार्श्वभूमी

शाळेत शेंगदाणे, काजू, बदाम आणायला मनाई केली की ॲलर्जी असलेलं मूल सुरक्षित झालं, असा समज अनेक शाळांत अजूनही आहे. गेल्या तीन दशकांतल्या नोंदी वेगळंच सांगतात. ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे सगळ्या शरीरावर उठणाऱ्या तीव्र ॲलर्जीने, दगावलेल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते: ॲड्रेनॅलिन, म्हणजे ही प्रतिक्रिया थोपवणारं औषध, उशिरा दिलं गेलं, किंवा दिलंच गेलं नाही.

औषध तसं जुनं आहे. जोकिची ताकामिने यांनी ते १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढच्याच वर्षी शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांनी ॲनाफिलॅक्सिसचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पण डॉक्टर नसलेल्या माणसाला ते देता येईल असं साधन यायला बराच काळ गेला. विषारी वायूचा मारा झालेल्या सैनिकांना स्वतःच्याच मांडीत उतारा टोचून घेता यावा, म्हणून स्प्रिंगवर चालणारी सुई अमेरिकेत तयार झाली होती. तिच्यावरून घडवलेल्या ॲड्रेनॅलिनच्या ऑटो-इंजेक्टरला तिथे १९८७ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हापासून शिक्षक हे इंजेक्शन देऊ शकतात, हे नुसतं म्हणण्यापुरतं राहिलं नाही.

ते किती लवकर द्यायचं, याचं उत्तर १९९२ मध्ये ॲलर्जीतज्ज्ञ ह्यू सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या १३ मुलांच्या नोंदींत आहे. त्यांतली सहा दगावली, सात मरणाच्या दारातून परतली. ॲलर्जी सगळ्यांना आधीच माहीत होती आणि सगळ्यांनी तो पदार्थ नकळत, गोळ्या-चॉकलेटं, बिस्किटं, केक यांतून खाल्ला होता. तेरापैकी बाराजणांना दमा होता. दगावलेल्यांपैकी फक्त दोघांना पहिल्या तासात ॲड्रेनॅलिन मिळालं. वाचलेल्यांपैकी एक सोडून सगळ्यांना ते अर्ध्या तासाच्या आत मिळालं होतं. तेरा ही संख्या लहान आहे, तरी शाळांसाठीच्या पुढच्या सगळ्या विचाराचा पाया इथेच आहे.

तरीही शाळांनी आधी उचललं ते बंदीचं हत्यार, कारण तिचा फलक लावता येतो आणि पालकांना ती दिसते. नुसत्या वासाने किंवा स्पर्शाने मूल कोसळेल ही भीती त्यामागे होती. ती २००३ मध्ये तपासली गेली. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांच्या त्वचेला पीनट बटर लावलं आणि त्याचा वासही दिला. काहींना लावल्या जागी लाली आली, खाज सुटली, पण कुणालाही शरीरभर प्रतिक्रिया आली नाही. खरा धोका माखलेला हात तोंडात जाण्याचा. म्हणून हात कशाने धुतात हे महत्त्वाचं. २००४ मधल्या चाचणीत साबणाने आणि ओल्या वाइप्सनी शेंगदाण्याचं प्रथिन निघालं, पण नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने धुतलेल्या काही हातांवर ते उरलं. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन काढत नाही. हा फरक शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवा.

कायदे मृत्यूंच्या मागून आले. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २००३ मध्ये १३ वर्षांची एक मुलगी शाळेत आलेल्या प्रतिक्रियेने दगावली. तिच्या नावाने झालेला ‘सब्रिनाज लॉ’ २००६ पासून लागू आहे. कर्मचाऱ्यांचं नियमित प्रशिक्षण आणि प्रत्येक ॲलर्जिक मुलासाठी स्वतंत्र योजना त्याने बंधनकारक केली. पण एक फट उरली होती. इंजेक्टर असायचा त्या ठरावीक मुलाच्या नावाने, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शाळांमधल्या नोंदींत ज्यांना ॲड्रेनॅलिन द्यावं लागलं त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची ॲलर्जी शाळेला आधी माहीतच नव्हती. त्यामुळे शाळेचा स्वतःचा साठा हा पुढचा टप्पा ठरला. अमेरिकेने २०१३ च्या कायद्याने राज्यांना त्यासाठी प्रोत्साहन दिलं, आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीविना इंजेक्टर विकत घेता येऊ लागले.

साठा असूनही गोष्टी बिघडतात, त्या ठरलेल्या ठिकाणी. कपाटाला कुलूप आणि किल्ली घेऊन कुणीतरी बाहेर. मुदत संपलेली, किंवा इंजेक्टरच्या छोट्या खिडकीतून दिसणारं द्रावण तपकिरी झालेलं. इंजेक्टर फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, उन्हात तापणाऱ्या जागीही नाही. साधारण २० ते २५ अंश ठीक. सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहणं. ती अंगावरच्या गांधी शमवते, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि खाली गेलेला रक्तदाब वर आणत नाही. दमा असलेल्या मुलाची घरघर नेहमीचीच समजून नुसता इन्हेलर देणं हीही तशीच चूक.

१५ ते ३० किलो वजनाच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅमचा, त्यावरच्याला ०.३ मिलिग्रॅमचा इंजेक्टर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, गरज पडल्यास कपड्यावरूनच दाबायचा. किती सेकंद धरायचा ते त्या-त्या इंजेक्टरवर लिहिलेलं असतं. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवायचे. श्वास लागत असेल तर बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवत ऑफिसात न्यायचं तर मुळीच नाही. अचानक उभं राहिल्यावर हृदयाकडे परतणारं रक्त घटून मृत्यू आल्याच्या नोंदी आहेत. लगेच रुग्णवाहिका बोलवायची आणि पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. बरं वाटू लागलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत उलटू शकतात.

बंदीचं काय, हा प्रश्न २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच आकडेवारीवर तपासला गेला. पूर्ण ‘शेंगदाणामुक्त’ म्हणवणाऱ्या आणि तशी बंदी नसलेल्या शाळांत ॲड्रेनॅलिन देण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. वेगळं शेंगदाणामुक्त टेबल असलेल्या शाळांत ते प्रमाण कमी होतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सरसकट बंदीऐवजी प्रशिक्षण, लेखी योजना आणि शाळेचा साठा यांवर भर दिला. आमच्या मते हेच बरोबर आहे. डबे वाटून खायचे नाहीत, आधी-नंतर साबणाने हात धुवायचे आणि टेबल पुसायचं, हे नियम मात्र सुटू नयेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत ॲड्रेनॅलिनच्या नाकातल्या स्प्रेला मान्यता मिळाली, आधी ३० किलो आणि त्यावरच्यांसाठी. २०२५ मध्ये १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी १ मिलिग्रॅमची मात्राही आली. सुईला बिचकून थांबणाऱ्या शिक्षकांची अडचण त्यामुळे दूर होईल. लक्षणं कोणती आणि स्प्रे कुठे ठेवलाय, हे मात्र बदली शिक्षकालाही पहिल्याच दिवशी सांगावं लागेल.